ओला डाग, कोरडा डाग : एका नाराज प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मूळ लेख न वाचलेल्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमची तक्रार आधी थोडक्यात मांडते. 'डाग दिसला की लगेच औषध मारू नका, आठवडाभर नजर ठेवा' हा लेखातला सल्ला तुम्ही पाळलात आणि तीन दिवसांत तुमच्या फॅलेनॉप्सिस या ऑर्किडचं एक पान अर्धं सडलं. मग कार्बेन्डाझिम फवारलंत, तेही लागू पडलं नाही. दालचिनी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड या 'सगळे वापरतात' अशा उपायांना लेखात उगाच नावं ठेवली आहेत, असंही तुमचं म्हणणं आहे. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंत, की पानं सुरकुतली होती म्हणून महिनाभर रोज पाणी घालत होतात.

पहिल्या मुद्द्यावर चूक माझी आहे. 'आठवडाभर नजर ठेवा' हे कोरड्या डागापुरतं खरं. ओल्या डागाला आठवडा देणं म्हणजे झाड हातचं घालवणं. हा फरक लेखात सुटला होता, तो आता घातला आहे.

फरक ओळखायला दोन मिनिटं लागतात. बोटाने डाग दाबून बघा आणि पान उजेडासमोर धरा. उन्हाने भाजलेला डाग पानाच्या सर्वांत वरच्या, उजेडाकडच्या भागावर येतो. आधी पांढुरका, मग तपकिरी किंवा काळा होतो, कागदासारखा सुकतो आणि जिथे आहे तिथेच थांबतो. त्याला काहीही करायचं नसतं. जिवाणूंचा डाग पाणी शोषल्यासारखा, जरा पारदर्शक दिसतो. कडेला बहुधा पिवळी झालर असते, दाबला तर मऊ लागतो, कधी पाणी सुटतं. मऊ कूज असेल तर घाणेरडा वास येतो. तरीही शंका असेल तर पक्क्या शाईच्या पेनाने डागाची कड आखून ठेवा. २४ तासांत डाग रेषेबाहेर गेला तर वाट बघणं संपलं.

ओला डाग असेल तर त्याच दिवशी कापा. डागाच्या कडेवर नाही, तर निरोगी हिरव्या भागात साधारण २ सेंमी आत शिरून. डाग पानाच्या बुडाकडे पोचला असेल तर पूर्ण पान काढा : मधल्या शिरेवर टोकापासून बुडापर्यंत उभी चीर द्या आणि दोन्ही अर्ध्या भागांना धरून बाजूंना ओढा. अख्खं पान खाली ओढलं तर खोडाची साल सोलवटते आणि कुजीला नवी वाट मिळते. प्रत्येक कापानंतर पातं ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवा आणि गार होऊ द्या, नाहीतर प्रत्येक झाडाला नवं पातं घ्या. नुसतं अल्कोहोलने पुसून भागत नाही. सिम्बिडियम मोझेइक आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट हे ऑर्किडचे दोन नेहमीचे विषाणू पात्याला लागलेल्या रसातून पसरतात, अल्कोहोल त्यांना खात्रीने मारत नाही आणि एकदा लागण झाली की त्यावर इलाज नाही.

आता कार्बेन्डाझिम. ते बुरशीनाशक आहे, जिवाणूंना त्याने काही होत नाही. वर आणखी एक गोम आहे. ऑर्किडमधली काळी कूज पिथियम आणि फायटॉप्थोरा यांच्यामुळे होते. ते दिसतात बुरशीसारखे, पण खऱ्या बुरशीच्या गटातले नाहीत, त्यामुळे त्यांच्यावरही कार्बेन्डाझिम चालत नाही. तिथे मेटालॅक्झिल किंवा फॉसेटिल-एएल लागतं, लेबलवरच्या प्रमाणातच. ही कूज बहुतेकदा मुळांकडून किंवा बुडाकडून वर चढते आणि जांभळट काळी असते. तांब्याचं औषध जिवाणूंवर काही अंशी चालतं, पण डेंड्रोबियम जातीच्या ऑर्किडवर आणि फुलावर असलेल्या झाडावर ते मारू नका, कोवळे भाग करपतात. तुमच्या वर्णनावरून (तीन दिवस, पिवळी कड, पाणचट) मला जिवाणू वाटतात. तिथे खरं औषध म्हणजे पातं, कोरडं पान आणि खेळती हवा.

पेरॉक्साइडबद्दल माझं मत बदललेलं नाही. 'फेस आला म्हणजे जंतू मेले' हा समज चुकीचा आहे. कॅटालेज हे विकर जिवंत पेशीत असतंच, त्यामुळे निरोगी मुळाच्या ताज्या कापावर टाकलं तरी फेस येणार. वाढत्या मुळांची कोवळी टोकं मात्र त्याने जळू शकतात. दालचिनीची पूड पानाच्या कापावर चिमूटभर लावायला हरकत नाही, कारण ती जखम सुकवते. मुळांवर नको, तेही त्याच कारणाने.

खरा घोळ मला त्या रोजच्या पाण्यात दिसतो. पान सुरकुततं कारण त्याला पाणी पोचत नाही, आणि ते दोन उलट कारणांनी घडतं : कुंडी कोरडी असते, किंवा कुंडी ओलीचिंब असून मुळंच कुजलेली असतात. वरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून पानं बघून पाणी वाढवू नये, रोप कुंडीतून काढून मुळं बघावीत.

मुळं १०-१५ मिनिटं साध्या पाण्यात भिजवा. जिवंत मूळ टणक असतं, ओलं झालं की बहुधा हिरवट होतं, सुकलं की रुपेरी. कुंडीत मातीऐवजी भरलेल्या झाडाच्या सालीतल्या अंधारात वाढलेलं मूळ पिवळट किंवा डागाळलेलं असू शकतं, तेवढ्यावरून कापू नका, दाबून बघा. कुजलेलं मूळ चेपतं, वरचं आवरण बोटाबरोबर निघून येतं आणि आत दोरा उरतो. असं असेल तेवढंच कापा. सालीचे तुकडे बोटाने कुस्करत असतील तर ती पूर्ण फेका, साल साधारण दीड-दोन वर्षांत कुजून हवा अडवते. रोप एक रात्र सावलीत सुकू द्या. नवी कुंडी उरलेल्या मुळांपुरतीच घ्या, झाडाच्या आकारावर जाऊ नका. मोठ्या कुंडीचा मधला भाग सुकतच नाही. १ ते २ सेंमीची साल रात्रभर भिजवून, निथळून वापरा आणि रोप काठीला बांधा. डुगडुगणाऱ्या रोपाची नवी मुळं टोकाशीच मोडतात. तीन-चार दिवस पाणी नाही, नवी टोकं दिसेपर्यंत खत नाही.

मुळं जवळजवळ संपली असतील तर रोप पारदर्शक पिशवीत ओलसर मॉसबरोबर (शेवाळाबरोबर) ठेवण्याचा उपाय चांगला आहे, पण तुमच्या झाडाला तो आत्ता करू नका. कोंदट हवा मुळांना जितकी मानवते तितकीच ओल्या डागालाही. आधी डाग थांबवा. सुरकुतलेली जुनी पानं पूर्ववत भरतीलच असं नाही. सुधारणा मोजायची ती नव्या मुळावर आणि नव्या पानावर, आणि त्याला काही महिने जातात.

'झाड टाकून देऊ का?' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर शेंड्यावर आहे. सर्वांत वरचं कोवळं पान हलकेच ओढा. हातात आलं आणि बूड काळं असेल तर वाढीचा डोळा मेला, फॅलेनॉप्सिस तिथून पुन्हा पान काढत नाही. तरीही खालची दोन पानं आणि काही टणक मुळं असतील तर बुडातून पिल्लू फुटू शकतं, म्हणून लगेच फेकू नका. पान घट्ट असेल तर शेंड्यात साठलेलं पाणी टिश्यूच्या कोपऱ्याने टिपून घ्या, आणि यापुढे पाणी सकाळी, फक्त सालीवर. बाकीच्या कुंड्यांपासून हे रोप लांब ठेवा. आज कापल्यावर पेनाची रेषा मारा, तीन दिवसांनी डाग रेषेच्या आत आहे की बाहेर ते इथेच कळवा.