श्रीखंड, तेही स्वतःच्या डब्यात

अर्धा किलो श्रीखंड घरच्या स्टीलच्या डब्यात मागणं हा पुण्यात अजून गुन्हा ठरलेला नाही. पण काल त्या मिठाईच्या दुकानात अख्ख्या रांगेनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून लवकरच ठरेल.

"डब्यात नाही देत मॅडम. वजन कसं करणार?" काउंटरवरचा मुलगा.

मी म्हटलं, रिकामा डबा काट्यावर ठेव, टेअरचं बटण दाब, आकडा शून्यावर येईल. त्यानं बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते दाबायला मालकाची परवानगी लागते म्हणाला.

आता मागचे काका मैदानात उतरले.

"अहो ताई, घेऊन टाका ना प्लॅस्टिकचा. घरी जाऊन ओता तुमच्या डब्यात."

"पण मग तो घरात येतो ना, काका."

"येऊ द्या की! आम्ही २०१६ चे कचऱ्याचे नियम यायच्या आधीपासून ओला वेगळा, सुका वेगळा करतो. सोसायटीनं सत्कार केलाय माझा. आणि असले डबे तर टाकतच नाही आम्ही. ही धुऊन ठेवते. माळ्यावर दोन पोती आहेत."

"करता काय त्यांचं?"

"लागतात हो. मुलगी आली की लोणचं द्यायला."

"झाकणं नीट बसतात?"

"झाकणं वेगळ्या पोत्यात आहेत."

यावर काय बोलणार! काका वाईट नाहीत. पण कचरा वेगळा केला की हार-नारळ मिळतो आणि मुळात घरात आणलाच नाही तर माणूस चिकट ठरतो, हे मला झोंबतं. तुपकट, चिकट डबा रोज दारात येणाऱ्या कचरावेचक ताईच्या माथी मारायचा. धुतलेला नसेल तर भंगारवाला तिला त्याचे धड पैसे देत नाही. उरलंसुरलं वर्षानुवर्षं शहराबाहेर उरुळी-फुरसुंगीच्या कचरा डेपोत गेलं. तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या की आपण पुणेकर नाकाला रुमाल लावून 'कचराकोंडी'वर चर्चा करायला मोकळे.

लहानपणी मला तेलाला बरणी घेऊन पिटाळायचे. बरणी नसली तर वाणी परत पाठवायचा. साखर कागदाच्या पुडीत, वर दोरा. तो दोरासुद्धा आजी रिळाला गुंडाळायची. तेव्हा याला पर्यावरण म्हणत नसत, आणि भाषणंही नव्हती.

आणि दुकानदाराचा तरी काय फायदा? डबा, झाकण, स्टिकर, पिशवी, वर लाकडी चमचा (प्लॅस्टिकचा १ जुलै २०२२ पासून देशभर बंद, म्हणून लाकडी; मी मागितला नव्हता). हे सगळं तो विकत आणतो, साठवायला जागा अडवतो आणि गल्ल्यावर बसून महागाईच्या नावानं बोटं मोडतो. डबा आणणाऱ्याला दोन रुपये कमी लावले तर त्याचेही वाचतील. हे मी त्याला सांगितलं. "पॅकिंग भावातच धरलंय," तो फोनवरून मान वर न करता म्हणाला.

तोवर मुलानं तोडगा काढला होता. नवा प्लॅस्टिकचा डबा घेतला, त्यात श्रीखंड भरलं, वजन केलं, सगळं चमच्यानं खरवडून माझ्या डब्यात ओतलं आणि प्लॅस्टिकचा डबा काउंटरखालच्या बादलीत फेकला.

"घ्या! दिलं तुमच्या डब्यात."

कडेला चांगलं दोन चमचे श्रीखंड चिकटून राहिलं होतं. माझ्या पैशाचं. विचारलं तर म्हणे, "तेवढं चालतं मॅडम." वर माझा डबा सांडू नये म्हणून पिशवीत घातला, दिसायला कापडी, प्रत्यक्षात पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच. मी पिशवी परत केली, तर तीही बादलीत.

"अरे, टाकतोस काय!" काका कडाडले. मला वाटलं, चला, एक तरी माणूस माझ्या बाजूचा निघाला. काकांनी वाकून बादलीतला डबा उचलला, आतलं श्रीखंड बोटानं पुसून चाखलं, आणि मुलाला दरडावून विचारलं,

"याचं झाकण कुठाय?"