डग्गा कुठे गेला?

आमच्या हॉलचं माप दहा बाय चौदा. त्यातून दिवाण, टीव्हीचं युनिट, आईची आरामखुर्ची आणि कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड वजा केला की जी जागा उरते, तिथे दार उघडतं. त्या जागेत मला चाळीस वर्षांपूर्वीचे लाकडी स्पीकर ठेवायचे होते.

तसे ते आमच्याकडे एकदा होते. बाबांचे. गेल्या दिवाळीत माळा आवरताना त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर सापडला, झटकून प्लग लावला तर चक्क दिवा लागला. मी आईला विचारलं, स्पीकर का गं घातलेस भंगारात? "बरे भरले वजनाला," ती म्हणाली. "आतल्या लोहचुंबकाने काटा खाली गेला. तो मेला म्हणत होता, लाकूड वेगळं करून तोलतो. म्हटलं, अख्खंच तोल."

बायकोने आधी ब्लूटूथचा पर्याय ठेवला. लोणच्याच्या बरणीएवढा, पाण्यातसुद्धा चालणारा. आपण पाण्यात बसून कधी गाणी ऐकतो, असं मी विचारलं. मग पाच हजार मंजूर झाले आणि "हॉलची शोभा जाता कामा नये" अशी अट पडली.

ऑफिसात एक मित्र आहे, त्याला आवाजातलं कळतं. निदान तो डोळे मिटतो. त्याने यादी दिली: यॉर्कशरची व्हार्फडेल, अमेरिकेतली जेबीएल, कोलकात्याची सोनोडाइन, मुंबईची कॉस्मिक. शिवाय इतिहास. १९५४ साली एडगर विल्चर नावाच्या अमेरिकनाने बंद खोक्यातल्या हवेचीच स्प्रिंग करून घेतली, म्हणून लहान खोक्यातून खर्ज निघायला लागला. नाहीतर त्यासाठी कपाटाएवढी खोकी लागायची. मी हे घरी सांगितलं. "मग अजून थोडं लहान करायला काय झालं होतं त्याला?" बायको म्हणाली.

पहिली मोहीम जुना बाजार. आमच्या पुण्यात तो बुधवारी आणि रविवारी भरतो. पितळी नळ, बंद पडलेली घड्याळं आणि एकेकटे बूट यांच्यामध्ये एक जोडी बसली होती. विक्रेत्याने बोटाच्या पेराने टकटक केलं. "बर्मा टीक, साहेब. अख्खं." मी मागून पाहिलं, तर कोपरा पाणी पिऊन खारीसारखा फुगलेला. बर्मा टीक म्हणजे भुशाच्या फळीवर चिकटवलेला सागाचा पापुद्रा होता. (त्यात फसवणूक काही नाही. चांगले चांगले स्पीकर असेच करतात, कारण भरीव लाकूड हवामानाबरोबर फुगतं, आकसतं आणि तडकतं. पण हे ज्ञान मला नंतर झालं. तिथे मी भयंकर दुखावलो होतो.)

जाळी काढली. कागदी शंकूभोवती फोमची वळी असते, जिच्या जिवावर शंकू पुढेमागे हलतो. मी तिला बोट लावलं आणि ती बेसनाच्या लाडवासारखी भसकन ढासळली. बोटाला काळा चिकट चुरा. हा फोम पंधरा-वीस वर्षांत नुसत्या हवेनेच कुजतो, न वाजवताही. विक्रेता मात्र माझ्याकडे खून केल्यासारखा बघत होता. "हात लावायचा नसतो ना साहेब. हात लावला की खराब होतं." मी विचारलं, वाजतो तरी का? त्याने खिशातून घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल काढला आणि दोन वायरी टेकवल्या. शंकू 'टक' असं म्हणाला. "घ्या. वाजला."

दुसरी मोहीम मुंबई, मटन स्ट्रीट, चोर बाजार. सुट्टी काढून, डेक्कन क्वीनने गेलो. शुक्रवार होता. शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात. हा मजकूर एवढाच.

तिसरा पत्ता सदाशिव पेठेतला, दुसरा मजला. दार उघडणारे आजोबा ऐंशीच्या घरातले. "घासाघीस करणार असाल तर आत्ताच सांगा, म्हणजे चहा टाकायला नको." मी म्हटलं, नाही करणार. "साडेसहा हजार. बसा. तिथे नाही, इथे." मला एका विशिष्ट खुर्चीत, विशिष्ट कोनात बसवण्यात आलं. विलंबित सुरू झालं. दहा मिनिटांनी मी "छान" म्हणालो, तर त्यांनी हात वर केला. "द्रुत येईपर्यंत बोलायचं नाही."

द्रुत यायला पस्तीस मिनिटं लागली. तोवर मी गुपचूप तपासणी केली. फोम नव्हता, रबराची वळी होती, शाबूत. सागाच्या पापुद्र्यावर एकाही कपाचा डाग नाही. मागे आठ ओहमची पट्टी. जाळीच्या कापडाला डांबराच्या गोळ्यांचा वास. आजोबांनी पैसे दोनदा मोजले, मग विचारलं, "घरी कोण ऐकतं?" मी म्हटलं, आई. "हरकत नाही," ते म्हणाले.

एकेक खोकं चौदा किलोचं. आमचा मजला तिसरा, लिफ्टचा विषय सोसायटीच्या सभेत गेली सहा वर्षं आहे.

नियम असा की दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा, खोकी भिंतीपासून फूट-दोन फूट पुढे असावीत आणि वरचा छोटा ट्वीटर कानाच्या उंचीवर यावा. मी टेप घेऊन मापं काढली. त्रिकोणाचा तिसरा कोन फ्रीजसमोर आला. म्हणजे उत्तम संगीत ऐकायचं तर मला फ्रीजला पाठ लावून, गुडघ्यात वाकून उभं राहावं लागणार होतं. शेवटी खोकी जिथे मावली तिथे बसली. संध्याकाळपर्यंत आईने त्यांवर क्रोशाचे रुमाल घातले आणि बायकोने एकावर मनीप्लँट ठेवला. शोभा गेली नाही.

रविवारी मित्र आला. मी सुरू केलं. त्याने डोळे मिटले, मान मागे टाकली. "केवढी हवा आहे रे! आवाज खोक्यातून येतच नाहीये, भिंतींतून येतोय. हे आजकालच्या स्पीकरमध्ये नाही मिळायचं." मीही डोळे मिटले. खरंच, गायिका नेमकी कुठे उभी आहे ते कळत नव्हतं. पंधरा दिवस मी येईल त्याला ही हवा ऐकवली. दोघा पाहुण्यांनी डोळे मिटलेही.

मग एका दुपारी भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "काय रे, डग्गा कुठे गेला?"

"म्हणजे?"

"तबला ऐकू येतोय. डग्गा वाजवणारा सुट्टीवर आहे का? तुझ्या बाबांच्या खोक्यांवर कसा घुमायचा."

मी तिला हवेविषयी सांगायला लागलो. ती म्हणाली, "हवेचं राहू दे, वायर बघ. त्यांचीही एकदा उलटी लागली होती."

जुन्या बाजारातली विद्या कामी आली. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूच्या टोकांना लावून पाहिला. डाव्याचा शंकू पुढे आला. उजव्याचा आत गेला. एकाची वायर मी उलटी जोडली होती. एक हवा ढकलत होता, दुसरा तीच हवा ओढून घेत होता, आणि दोघांच्या भांडणात सगळा खर्ज जमाखर्च होऊन शून्य. मित्राला आवडलेली हवा ती हीच.

वायर पालटली. पहिल्या धा लाच मांडणीतल्या ताटल्या किणकिणल्या. गायिका दोन खोक्यांच्या बरोबर मधोमध, मनीप्लँटच्या जरा डावीकडे, येऊन उभी राहिली. आईने मेथीची जुडी बाजूला ठेवली. मित्राला फोन केला, तो संध्याकाळी येऊन ऐकून म्हणाला, "बास जरा अंगावर येतोय. आधी हवा होती."

तो असतानाच बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका, हातात चष्मा. मी दारातच हात जोडले आणि आवाज कमी करतो म्हणालो.

"कमी कशाला?" काका म्हणाले. "स्लॅबमधून खाली नुसता डग्गा येतोय, वरचं काहीच नाही. पाऊण तास झाला, राग कुठला ते कळेना. एकतर दार उघडं ठेवा, नाहीतर मला आत घ्या."

आईने कपडे वाळत घालायचा स्टँड मिटला आणि तिथे खुर्ची टाकली.