राज्याने माजी सैनिकांसाठी कायदा का करावा: एका फिरत्या मेसेजला उत्तर

गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो: “माजी सैनिकांना पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, फुकट दवाखाना आहे, नोकरीत कोटा आहे, वर जमीन मिळते आणि घरपट्टी माफ. लष्कर केंद्राचं, त्यांचं केंद्र बघेल. राज्याने वेगळा कायदा कशाला करायचा?” पुढे पाठवणाऱ्यांत सैनिकांबद्दल आकस असलेली माणसं फारशी नसतात. अनेकांना हे खरंच वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

“पेन्शन आहे की.” आहे, पण सगळ्यांना नाही. जवानाला त्यासाठी किमान 15 वर्षं सेवा लागते, अधिकाऱ्याला 20. शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर 10 किंवा 14 वर्षं काढून बाहेर पडणाऱ्या अधिकाऱ्याला ती मिळत नाही. जवानाची पेन्शन म्हणजे ढोबळमानाने शेवटचं मूळ वेतन आणि मिलिटरी सर्व्हिस पे (सैनिकी सेवेसाठी मिळणारी ठरावीक रक्कम) यांच्या बेरजेच्या निम्मी रक्कम, वर महागाईची भर. त्यातलाही मोठा भाग पुष्कळजण निवृत्तीच्या वेळीच विकतात, म्हणजे त्याच्या बदल्यात एकरकमी पैसे घेतात, कारण घर बांधायचं असतं, बहिणीचं लग्न असतं, जुनं कर्ज असतं. निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते आणि विकलेला भाग पुन्हा सुरू व्हायला 15 वर्षं जावी लागतात.

आता वय बघा. अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला मुलगा साधारण छत्तीस ते चाळीसच्या दरम्यान घरी येतो. त्याच्या वर्गातला जो जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर झाला, तो 58 व्या वर्षापर्यंत पूर्ण पगार घेणार. जवानाची मुलं तेव्हा पाचवी-सातवीत असतात, आईवडील थकलेले असतात. लवकर घरी येणं त्याने निवडलेलं नसतं. सैन्याला तरुण माणसं हवी असतात, म्हणून त्याला लवकर सोडलं जातं. त्या वयात निम्मी पेन्शन हा आधार झाला, त्यावर संसार उभा राहत नाही.

कॅन्टीन आणि दवाखाना यांवर फार लिहीत नाही. कॅन्टीनमध्ये साबण-तेल स्वस्त मिळतं, रोजगार मिळत नाही. ईसीएचएस ही आरोग्य योजना 2003 पासून आहे आणि चांगली आहे. पण ती फुकट नाही, निवृत्त होताना वर्गणी भरावी लागते. आणि तिचं पॉलिक्लिनिक शहरात असतं, पाटण किंवा जतच्या आतल्या गावात नाही.

मेसेजमधला सगळ्यात जोरदार मुद्दा कोट्याचा आहे. केंद्र सरकारच्या खात्यांत माजी सैनिकांसाठी गट क मध्ये 10 टक्के आणि जुन्या गट ड मध्ये 20 टक्के जागा राखीव आहेत. महाराष्ट्रात गट क आणि गट ड मध्ये 15 टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच काही जागा त्यांच्यासाठी. कागदावर एवढं वाचलं की कुणालाही वाटेल, आणखी काय हवं? पण जागा राखीव असणं आणि जागेवर माणूस बसणं यातलं अंतर बघा. माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचं काम बघणाऱ्या केंद्राच्या पुनर्वसन महासंचालनालयाकडे 30 जून 2021 पर्यंतची जी माहिती जमा झाली, तीत केंद्राच्या 77 पैकी 34 विभागांचेच आकडे होते. त्यांच्या गट क मध्ये माजी सैनिक होते 1.29 टक्के, गट ड मध्ये 2.66 टक्के. दहा टक्क्यांच्या जागी सव्वा टक्का! उरलेल्या विभागांनी तर आकडेही दिले नव्हते, आणि त्यांना जाब विचारणारं कुणी नव्हतं. मला तरी या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत लाजिरवाणी बाब वाटते.

“मग यांनाच नोकऱ्या नको असतील,” असं कुणी म्हणेल. नोकरी नको असलेला माणूस एटीएमच्या दारात बारा-बारा तास उभा राहत नाही. सिक्युरिटी एजन्सीच्या जाहिराती वाचा: ‘गनमॅन पाहिजे, स्वतःचं लायसन्स आणि बंदूक असल्यास प्राधान्य.’ म्हणजे हत्यार त्याचं, परवान्याच्या नूतनीकरणाचे हेलपाटे त्याचे, आणि पगार एजन्सी ठरवेल तो. ज्याने वीस-पंचवीस जणांची तुकडी सांभाळली, वायरलेस दुरुस्त केला, बर्फातल्या घाटात ट्रक चालवले, त्याला गावी परतल्यावर दिसणारी पहिली आणि बहुतेकदा एकमेव नोकरी ही असते.

सरकारी जागा सुटतात तेव्हा अडचण कुठे येते? जाहिरात निघते त्या वेळी हा बहुतेकदा शेवटच्या पोस्टिंगवर असतो. परीक्षेला समोर असतं पंधरा-सोळा वर्षांपूर्वी सुटलेलं गणित आणि मराठी व्याकरण. त्याच्या ट्रेडचं, म्हणजे सैन्यात शिकलेल्या कामाचं, प्रमाणपत्र कारखान्याच्या एचआरला कळत नाही, आयटीआयच्या कुठल्या ट्रेडशी ते जुळतं हे सांगणारा कागद त्याच्या हातात नसतो. आणि आरक्षणाचा लाभ घेऊन एकदा सरकारी सेवेत रुजू झाला की पुढच्या जागेसाठी तो साधारणपणे पुन्हा वापरता येत नाही. पहिली मिळेल ती नोकरी धरली, तर बरी नोकरी हातची जाते.

जमिनीचं म्हणाल तर निवृत्त झाला आणि जमीन मिळाली, असं होत नाही. सरकारी जमीन वाटपाच्या 1971 च्या नियमांत माजी सैनिकांचा विचार आहे, पण जमीन उपलब्ध हवी, उत्पन्नाची अट बसायला हवी, आणि मिळालेली जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी. घरपट्टीची माफी मात्र खरी. ती पूर्वी शौर्यपदकधारक आणि शहिदांच्या पत्नींपुरती होती, 2020 मध्ये गावच्या सर्व माजी सैनिकांपर्यंत आणली गेली. ही माफी केंद्राने दिलेली नाही, राज्याने दिली आहे. ‘त्यांचं केंद्र बघेल’ या वाक्याचं उत्तर मेसेजच्याच यादीत पडलेलं आहे.

कारण राज्यघटनेत संरक्षण दलं केंद्राच्या सूचीत आहेत हे खरं, पण सैनिक परत येतो ते राज्यात. राज्याच्या सेवेतल्या जागा, पोलीस भरती, जमीन, घरांवरचे कर, ग्रामपंचायती हे सगळे राज्यसूचीतले विषय. रोजगार आणि सामाजिक सुरक्षा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या हातात. एक साधं प्रकरण घ्या. सैन्याच्या नोंदीत आडनाव आधी, आधारवर शेवटी. लग्नात बायकोचं नाव बदलण्याची आपल्याकडची रीत, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर ‘मंगल’ आणि नवऱ्याच्या रेकॉर्डमध्ये ‘सुनीता’. उद्या तो गेला तर कुटुंब निवृत्तिवेतन इथेच अडकतं. हे जुळवायला राज्याच्या राजपत्रात नावबदल, तहसीलला प्रतिज्ञापत्र, मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र. रेकॉर्ड ऑफिस सोडलं तर प्रत्येक खिडकी राज्याची आहे. अपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळी या गावांत निदान शेजारी विचारायला चार जाणकार असतात. जिथे गावात एकच फौजी, तिथे त्याची बायको कुणाला विचारणार?

“पण जीआर आहेत ना, कायदाच कशाला?” शासन निर्णय एका सहीने निघतो आणि एका सहीने बदलतो. तो खालच्या कार्यालयात पोचला नाही, तर तक्रार कुणाकडे, किती दिवसांत उत्तर, हे त्यात सहसा नसतं. उत्तर प्रदेशाने माजी सैनिकांचं आरक्षण 1993 मध्येच विधिमंडळात कायदा करून दिलं. महाराष्ट्राच्या कायद्यात मला चार गोष्टी हव्यात: किती जागा भरल्या याचा खातेनिहाय आकडा दरवर्षी विधिमंडळात मांडणं बंधनकारक, लष्करी ट्रेड आणि आयटीआय यांची जुळणी ठरवलेली यादी, निवृत्तीच्या आधीच्या वर्षात अर्ज करण्याचा हक्क, आणि जिल्हा कार्यालयाने ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर देण्याची सक्ती. यात खैरात कुठेच नाही.

मेसेजच्या शेवटी अलीकडे एक ओळ जोडलेली दिसते: “अग्निवीरांना तर बारा लाख मिळतात.” अग्निवीर म्हणजे अग्निपथ योजनेत चार वर्षांसाठी भरती झालेली मुलं; बाहेर पडताना मिळणाऱ्या त्यांच्या सेवा निधीची रक्कम सुमारे 11.71 लाख आहे. मात्र तिची अर्धी मुद्दल त्या मुलाच्याच पगारातून दरमहा कापलेल्या 30 टक्क्यांची असते. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. 2022 च्या योजनेनुसार चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला माजी सैनिकाचा दर्जाही नाही, म्हणजे कॅन्टीन नाही, ईसीएचएस नाही आणि त्या दर्जावर चालणारा कोटाही आपोआप लागू होत नाही. जास्तीत जास्त 25 टक्के मुलं कायम होतील, बाकीची बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षी घरी येतील. पहिल्या तुकड्यांचं प्रशिक्षण 2022 च्या अखेरीस आणि 2023 च्या सुरुवातीला सुरू झालं, त्यांची चार वर्षं 2026 च्या शेवटाला आणि 2027 च्या सुरुवातीला भरतात. ही मुलं कुठल्या व्याख्येत बसवायची हे राज्याने कायद्यात लिहायला हवं, आणि ते पहिली तुकडी एसटीतून उतरण्याआधी.