मिरचीतलं पेप्टाइड खरं, पण त्यावरचे सल्ले घातक

संकेश्वर, चिकोडी, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक पोस्ट जोरात फिरते आहे. मिरचीत म्हणे जंतू मारणारे पेप्टाइड सापडले, तेव्हा अँटिबायोटिक बंद करा, जखमेवर तिखट दाबा आणि पिकावर मिरचीचा रस मारून औषधाचा खर्च वाचवा. आपल्या भागात मिरची घरोघरी पिकते, म्हणून लोकांना हे लगेच पटतं. मला याची खरोखर काळजी वाटते.

पेप्टाइड सापडले, हे खरं आहे. मिरचीच्या बिया, पानं, फळं यांत डिफेन्सिन, थायोनिन अशी छोटी प्रथिनं असतात. त्यांच्यावरचा धन भार जंतूच्या पेशीच्या आवरणावरच्या ऋण भाराला चिकटतो आणि आवरण फाटतं. ब्राझीलच्या संशोधकांनी ती बियांतून वेगळी काढून कॅन्डिडा आणि फ्युजॅरियमवर तपासली. काम उत्तम आहे, त्यातून उद्या औषध निघेलही.

पण कॅन्डिडा आणि फ्युजॅरियम दोन्ही बुरशीच्या कुळातले. अँटिबायोटिक दिलं जातं ते बॅक्टेरियासाठी. म्हणजे या प्रयोगाच्या भरवशावर न्यूमोनियाच्या पेशंटच्या गोळ्या बंद करायला सांगणं सरळ जिवाशी खेळ आहे. शिवाय प्रयोगात शुद्ध केलेलं, मायक्रोग्रॅममध्ये मोजलेलं पेप्टाइड थेट जंतूवर सोडतात. ताटातल्या ठेच्यातून ते फुफ्फुसापर्यंत तेवढ्या मात्रेत पोचतं, असं कुणीही दाखवलेलं नाही.

जखमेचं तर आणखी वाईट. तिखट झोंबतं ते कॅप्सायसिनमुळे, आणि कॅप्सायसिन पेप्टाइडच नव्हे. ते आपल्या मज्जातंतूंवरच्या टीआरपीव्ही1 या ग्राहीला, म्हणजे आग-उष्णता टिपणाऱ्या प्रथिनाला, चेतवतं. या ग्राहीच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. आग झाली म्हणजे जंतू मेले असं नाही. जखम वाहत्या पाण्यानं धुवा, खोल असेल तर दवाखाना गाठा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

आता शेत. पेप्टाइडनं सगळे जंतू मरत असते, तर मिरचीला फळकुज झालीच नसती. वर्षाची चटणी करायला देठं काढताना एखादी फटकी, म्हणजे पांढुरकी पडलेली, मिरची मोडून बघा: आत बियांनाच राखाडी-काळी बुरशी चिकटलेली असते. ज्या बियांत पेप्टाइड, तिथंच बुरशी! झाडाचं हे संरक्षण हल्ला थोपवतं, दरवेळी जिंकत नाही. पानं आकसून वळतात त्या चुरडा-मुरड्याचं कारणच वेगळं: फुलकिडे, कोळी, पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. मिरची-लसणाचा अर्क पूर्वापार मारतात तो किडीसाठी. त्यानं फळकुज आटोक्यात येईल असं धरून बसलात तर तोडा हातचा जाईल. बी निरोगी फळाचंच धरा, पेरण्याआधी बीजप्रक्रिया करा, कुजकी फळं वेचून रानाबाहेर न्या.

पोस्टमधली शेवटची ओळ सर्वांत धोक्याची वाटते: 'मिरची स्वतःच जंतुनाशक, त्यामुळे बुरशी लागलेलीही चालते.' अजिबात चालत नाही. नीट न वाळलेल्या मिरचीवर ॲस्परजिलस बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन सोडते. ते यकृताला घातक आहे, भाजून वा शिजवून पुरतं जात नाही. मिरची कडकडीत वाळवा, ओलावा 11 टक्क्यांच्या वर नको, आणि बुरशीची मिरची कांडपाला जाण्याआधीच बाजूला काढून टाका.