‘नाही’ म्हटलं तरी ‘हो’

आपल्या लेकराला नावं ठेवायला चार माणसं आवतण देऊन बोलावणारा बाप मी तरी पाहिलेला नाही. मी मात्र ते केलं. दिवाळीच्या सुट्टीत पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक छोटी लायब्ररी लिहिली, तिचं नाव ‘हुकूम’ ठेवलं आणि ओळखीपाळखीच्या मंडळींना म्हणालो, "वापरून बघा आणि मोकळेपणाने सांगा." त्यातला ‘मोकळेपणाने’ मी गाळायला हवा होता.

पहिला अभिप्राय घरातूनच आला. बाबा नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचे जुने सभासद. ते वाचनालय 1840 सालचं, त्यामुळे लायब्ररी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर कपाटं उभी राहतात.

"लायब्ररी काढलीस? कुठे? कॉलेज रोडला जागा परवडली तुला?"

"तशी नाही हो बाबा. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून चालवायचे प्रोग्राम असतात ना, ते लिहिणाऱ्यांसाठी आहे. माणसानं काय टाइप केलं ते समजून घ्यायचं आणि चुकलं तर तसं सांगायचं, एवढं काम ती करते."

"वर्गणी किती?"

"फुकट."

"आणि सांभाळणार कोण?"

"मीच. रात्री, जेवणं झाल्यावर."

बाबांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. ओपन सोर्सच्या, म्हणजे आपला कोड सगळ्यांना खुला ठेवण्याच्या, अर्थकारणावर इतकं नेमकं भाष्य मला पुढे कोणाकडून मिळालं नाही.

भाचा हिंजवडीत नोकरीला. त्यानं कोड उघडायच्या आधीच विचारलं, "मामा, पण आर्गपार्स आहे ना? आणि क्लिक?" आहे. दोन्ही याच कामाच्या तयार लायब्ररी. आर्गपार्स 2010 पासून, पायथन 2.7 पासून, भाषेबरोबरच येतं. क्लिक 2014 चं. (जिथे माऊसला हातही लावायचा नसतो अशा कामाच्या लायब्ररीचं नाव क्लिक ठेवणाऱ्याला मी मनातल्या मनात दंडवत घालतो.) माझं ‘हुकूम’ही आतून आर्गपार्सच आहे, वरून नऊवारी नेसवलेलं. पर्याय देवनागरीत, मदत मराठीत, चुका मराठीत. भाचा म्हणाला, "क्यूट आहे." पुण्याला गेलेली मुलं वाया जातात ती अशी.

बायकोला प्रोग्रामिंगमध्ये रस नाही, पण मराठीत आहे. तिनं माझे चुकांचे संदेश वाचायला घेतले.

"‘अवैध मूल्य’? अवैध काय, दारूची भट्टी आहे का? ‘हा आकडा चालणार नाही’ असं सरळ म्हण ना. आणि हे बघ, इथे ‘फाइलचे नाव दे’ आणि खाली ‘कृपया वजन द्यावे’. एकाच माणसाला एका ओळीत अरे-तुरे आणि दुसऱ्या ओळीत कृपया?"

आर्गपार्समध्ये चूक झाली की प्रोग्राम 2 हा आकडा परत देऊन बंद पडतो, सगळं सुरळीत झालं तर शून्य देतो. हे मी तिला कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, "शून्य म्हणजे यश? शाळेत असतानाच हे सांगायचं होतं रे कोणीतरी."

पण माझा खरा वापरकर्ता म्हणजे लासलगावचे दिवाणजी. तिथल्या एका कांदा व्यापाऱ्याकडे ते वर्षानुवर्षं हिशोब बघतात. नमुना म्हणून ‘हुकूम’वर मी त्यांना बिलाचा प्रोग्राम करून दिला होता. बाहेरगावी गाडी गेली की ओळ टाइप करायची: वजन, भाव, हमाली, तोलाई, तोटा, उधार.

पहिल्याच दिवशी फोन. "भाऊ, चालत नाही."

हुकूम मी व्हॉट्सॅपवर लिहून पाठवला होता. लांब नावाच्या पर्यायाआधी दोन आडव्या रेघा द्याव्या लागतात. माझ्या फोनला शहाणपण फार. दोन रेघा दिसल्या की तो त्यांची जोडून एक लांब रेघ करतो. मी इकडून ओरडतोय, "दोन रेघा द्या, दोन!" आणि ते तिकडून शांतपणे, "एकच आहे, पण चांगली लांब आहे." हा संवाद अर्धा तास चालला. माझ्या फोनला रिक्षाभर शिव्या देऊन झाल्यावर शेवटी त्यांनी रेघा हातानं टाइप केल्या.

दुसऱ्या दिवशी तक्रार सरळपणाची. "तुमचे रकाने वाकडे पडतात." दिवाणजी चोपडीत पट्टीनं रेघ ओढणारे. मी बघितलं, तर खरंच वाकडे. कारण असं की आपल्याला ‘द्राक्ष’ दोन अक्षरी दिसतो, पण संगणक त्यातले द, हलंत, र, काना असे एकेक सुटे मोजून सात भरतो आणि तेवढीच जागा धरतो. ‘कांदा’ त्याच्या लेखी पाच. हे मी समजावून सांगितलं. दिवाणजी म्हणाले, "मग काट्यात खोट आहे म्हणा की." आहे.

त्यातही एका गोष्टीनं मी सुखावलो. त्यांनी वजन ‘४५’ असं मराठी आकड्यात टाकलं आणि पायथननं ते बिनबोभाट पंचेचाळीस म्हणून घेतलं. त्यात माझं कर्तृत्व शून्य, पण फोनवर मी तसं जाणवू दिलं नाही. पर्यायाचं नाव अर्धवट टाकलं तरी यंत्र ओळखतं, पण नुसतं ‘--तो’ टाइप केलं तर ते विचारतं, तोलाई की तोटा? यावर ते म्हणाले, "आमच्याकडे कधी कधी दोन्ही एकच."

मग आला तो रविवार. गंगापूर रोडला मिसळ समोर आलेली, पापड मोडून काळ्या रश्शात बुडवलेला, आणि फोन वाजला.

"भाऊ, हे यंत्र नाही म्हटलं तरी हो धरतं. आमच्या शेठसारखं."

रस्सा डोक्यात गेला. घरी येऊन बघतो तर माझीच अक्कल. उधारीचा पर्याय मी खरं-खोटं या प्रकारात टाकला होता. पायथनच्या त्या प्रकाराला शब्दाचा अर्थ कळत नाही. शब्द रिकामा नाही ना, एवढंच तो बघतो. दिवाणजी इमानानं ‘--उधार नाही’ लिहीत होते, यंत्र ‘नाही’ हा भरलेला शब्द बघून ‘खरं’ म्हणत होतं. महिनाभरात रोखीनं गेलेली प्रत्येक गाडी उधारीत चढली होती. इंग्रजीत ‘फॉल्स’ लिहिलं असतं तरी हेच झालं असतं, हा भाषिक समतेचा विचार त्या रात्री मला फारसा उपयोगी पडला नाही.

पहाटेपर्यंत बसून दुरुस्त केलं. ‘हो’ आणि ‘नाही’ खरोखर वाचायला शिकवलं, तिसरं काही लिहिलं तर ‘हे समजलं नाही’ असं म्हणायला लावलं (बायकोकडून तपासून). नवी आवृत्ती पाठवली आणि दिवाणजींची माफी मागितली.

चार दिवसांनी त्यांचाच फोन. आवाज दबका.

"भाऊ, ते जुनं परत टाकता येईल का?"

"का हो?"

"त्या उधारीच्या यादीवरून पोरानं सगळ्यांना आठवणीचे मेसेज धाडले होते. रोखीनं नेलेल्या दोघांनी पुन्हा पैसे पाठवले. शेठ म्हणतात, पुढच्या गाडीला जमा धरू. पण म्हणतात, प्रोग्राम तोच बरा होता."

मी अभिप्रायाचा कागद त्यांना मुद्दाम पाठवला होता, एक ते पाच गुण द्यायचे असा. तो भरून आला. गुण पाच. सूचनेच्या रकान्यात, बहुधा पट्टी धरून, सरळ रेषेत लिहिलं होतं: ‘दुरुस्ती करू नये.’