दीड क्विंटल मीठ आणि पाच मिनिटं

रविवारी सगळ्यांनी रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर जायचं ठरलं आणि तासाभरात घरच्या ग्रुपवर मामाजींचा मेसेज येऊन पडला. पारा ४५ला टेकला की हा दरवर्षी फिरतोच: ‘कोणी पाण्यात बुडून मेला आणि ३-४ तासांत देह मिळाला तर तो परत जिवंत होऊ शकतो. दीड क्विंटल खडेमीठ अंथरून त्यावर कपडे काढून निजवा, वरूनही मीठ टाका. मीठ अंगातलं पाणी ओढून घेईल. शुद्ध आली की दवाखान्यात न्या.’

मामाजींचा हेतू चांगलाच आहे. पण यातलं एकही वाक्य खरं नाही.

‘मीठ पाणी ओढतं.’ ओढतं, पण कैरीच्या फोडींमधून. सालासकट अख्खी कैरी बरणीत ठेवून बघा, किती दिवस लागतात ते. आणि बुडालेला माणूस अंगात पाणी भरल्यामुळे मरत नाही, प्राणवायू तुटल्यामुळे मरतो. फुप्फुसात जातं ते पाणी बहुतेकदा थोडंच असतं, आणि तळ्या-नदीचं गोडं पाणी तर लवकरच रक्तात उतरतं. मिठानं ओढायचं काय?

‘३-४ तास.’ प्राणवायू बंद झाला की साधारण ४ ते ६ मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. बर्फाळ पाण्यातून बऱ्याच वेळानं काढलेले काही जण वाचलेत, हे खरं. पण मे महिन्यातलं खिंडसीचं पाणी बर्फाळ नसतं. त्या पाच मिनिटांत दीड क्विंटल मीठ कुठून आणणार? रामटेकच्या किराणा दुकानात उभे राहाल तोवर सगळं आटोपलेलं असेल.

याच्या खाली चुलतभावानं भर घातली: ‘आधी उलटं धरून पोट दाबायचं.’ हे नकोच. पोटातलं पाणी आणि अन्न वर येऊन श्वासनलिकेत जातं, शिवाय मोलाची मिनिटं जातात. करायचं ते असं: श्वास चालत नसेल तर कडक जमिनीवर पाठीवर निजवा, डोकं मागे, हनुवटी वर. नाक चिमटीत धरून तोंडानं आधी २ श्वास द्या. छाती वर उचलली जाते का, बघा. मग छातीच्या मधोमध ३० दाब, पुन्हा २ श्वास. दाबाचा वेग मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसाला खोली ५-६ सेंटिमीटर. दुसऱ्यानं तेवढ्यात १०८ला फोन लावायचा. मदत येईपर्यंत थांबायचं नाही.

‘शुद्ध आली की दवाखाना.’ दवाखाना शुद्धीची वाट बघत नाही. आणि जो स्वतः उठून बसला, चहा प्यायला, त्यालाही खोकला किंवा धाप असेल तर न्यायलाच हवं. फुप्फुसाचा त्रास काही तासांनीही वाढतो.

मला या मेसेजचा खरा राग येतो तो ‘नंतर काहीतरी करता येईल’ या दिलाशाचा. त्यापायी काठावरची नजर सैल होते. बुडणारा ओरडेल या भरवशावर आपण पत्ते कुटत बसतो. तो बहुतेकदा ओरडत नाही, कारण तोंड पाण्याबाहेर येतं तेवढ्यात त्याला श्वास घ्यायचा असतो. कन्हानच्या पात्रात वाळू उपसलेल्या जागी तर गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट खड्ड्यात पडतं. रांगत्या पोराला मात्र नदीही लागत नाही. कूलरमध्ये टाकायला भरून ठेवलेली बादली पुरते.

ग्रुपवर एवढं सगळं लिहिल्यावर मामाजींनी अंगठ्याचं चिन्ह टाकलं. मेसेज काही काढला नाही. शनिवारी रात्री मात्र फोन आला, ‘अरे, बुडणाऱ्याकडे फेकायला तेलाची पाच लिटरची रिकामी कॅन आहे, झाकण घट्ट बसते. दोर किती लांब बांधू?’