वारशाची नाणी विकायचीत? आधी अज्ञान जपा

वारशात सोन्याची नाणी मिळाली? अभिनंदन! ती विकायची की ठेवायची, या वादात घरातली दोन-तीन वर्षं तर आरामात निघतील. फक्त एक पथ्य पाळा. नाणी नेमकी कोणती आहेत, हे चुकूनही बघू नका. एकदा कळलं की चेहऱ्यावरचा निरागसपणा जातो, आणि घेणाऱ्याला माल आवडतो तो त्या निरागसपणासकट.

धोका किती जवळ आहे बघा. साधारण २२ मिलिमीटर रुंदीच्या नाण्यावर घोड्यावर बसलेला सेंट जॉर्ज आणि टापांखाली ड्रॅगन दिसला, तर ते बहुधा ब्रिटिश सॉव्हरिन असतं. वजन ७.९९ ग्रॅम, कस २२ कॅरेट, म्हणजे आत शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. १८१७ पासून हा हिशेब ठरलेला आहे. त्या दिवशीचा शुद्ध सोन्याचा एका ग्रॅमचा भाव फोनवर दिसतो, त्याला ७.३२ ने गुणलं की झालं. हा गुणाकार शाळकरी पोरालाही जमतो, म्हणून नाणी बाहेर काढाल तेव्हा पोरांना खेळायला पाठवा.

भिंग तर घरात आणूच नका. घोड्याखाली जी जमीन कोरलेली असते, तिच्यावर, वर्षाच्या आकड्यांच्या बरोबर वर, कधी कधी एक बारीकसं अक्षर असतं. ‘एस’ म्हणजे सिडनी, ‘एम’ मेलबर्न, ‘पी’ पर्थ, ‘सी’ ओटावा. ‘आय’ म्हणजे मुंबईची टांकसाळ, तीही फक्त १९१८ ची. अक्षरच नसलं तर बहुधा लंडन. १९१७ चं पर्थचं नाणं सहज मिळतं. त्याच वर्षाचं लंडनचं मात्र इतकं दुर्मिळ की त्याच्या नकला निघतात. म्हणजे अक्षर नाही म्हणून जास्त पैसे! असल्या भानगडीत सज्जनांनी पडू नये.

आणि चुकून अक्षर दिसलंच, तर घासून टाका. टूथपेस्ट, जुना ब्रश, भांड्यांची पावडर, जे हाताशी असेल ते. पृष्ठभागावर वर्षानुवर्षं जमलेली मंद झाक गेली पाहिजे आणि नाणं कालच पाडल्यासारखं चमकलं पाहिजे. उजेडात तिरकं धरल्यावर सगळीकडे बारीक ओरखडे दिसले की समजा काम फत्ते. नाण्यांची प्रत १ ते ७० च्या मापावर ठरवणाऱ्या संस्था असं नाणं आलं की आकडा न देता ‘साफ केलेलं’ असा शेरा मारतात, आणि संग्राहक पुढच्या नाण्याकडे वळतात. तुमचं दुर्मिळ नाणं आता वितळवायच्या भावात बाकीच्यांच्या रांगेत येऊन बसतं. समता म्हणतात ती हीच.

तरीही कुणी म्हणेल, नाणी खरी आहेत का ते जाणत्याला विचारून घ्यावं. अशांना फिलाडेल्फियातल्या एका सराफाच्या वारसांची गोष्ट सांगा. त्यांना लॉकरमध्ये १९३३ ची वीस डॉलरची दहा सोन्याची नाणी सापडली. ही नाणी पाडली गेली होती, पण चलनात न आणताच वितळवायचा हुकूम निघाला होता. २००४ मध्ये कुटुंबाने ती खात्री करून घ्यायला थेट अमेरिकेच्या टांकसाळीकडेच दिली. नाणी खरी निघाली, आणि खरी निघाली म्हणूनच परत मिळाली नाहीत. खटला वर्षानुवर्षं चालला आणि २०१६ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल सरकारच्या बाजूने लागला. त्याच प्रकारचं एक नाणं खाजगी मालकीत ठेवायला सरकारने रीतसर परवानगी दिलेली होती. ते २०२१ मध्ये लिलावात सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला गेलं. आधी वकिलाला विचारावं, हा धडा कुणी यातून काढेल. आपण काढायचा तो एवढाच की विचारूच नये.

आता विकायचं कुठे? ‘रोख, ताबडतोब’ असं सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं पहिलं दुकान गाठा. आणखी दोन ठिकाणी भाव काढणं म्हणजे त्या भल्या माणसावर अविश्वास. काट्याचा आकडा त्याच्या बाजूला असेल तर मान वाकडी करू नका, लचक भरते. २२ कॅरेट आहे म्हणून तो आधी बारावा हिस्सा कापेल. तिथवर ठीकच आहे. मग वितळवताना घट येते म्हणून थोडं, आणि जुना माल म्हणून आणखी थोडं. तुम्ही मान हलवत राहा. क्रुगररँड, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचं सोन्याचं नाणं, असेल तर तांबूस रंगाकडे बोट दाखवून तो ‘यात तांबं आहे हो’ म्हणेल. आहेच. म्हणूनच त्याचं वजन ३३.९३ ग्रॅम भरतं आणि आतलं शुद्ध सोनं एक ट्रॉय औंस, म्हणजे सोन्याच्या मापाचा औंस, ३१.१० ग्रॅम असतं. त्याने नेहमीचा २८.३५ ग्रॅमचा औंस धरला तर सुमारे ९ टक्के जातील. जाऊ द्या, औंस तो औंस.

नाण्यांचे व्यापारी आणि लिलावघरं यांची वाट धरायचीच असेल, तर सर्रास मिळणारी नाणी लिलावाला पाठवा. कमिशन जाईल आणि काही महिने वाट बघण्यात जातील. दुर्मिळ नाणी मात्र वितळवायला द्या. हिशेबी लोक याच्या बरोबर उलट करतात, आणि बहुधा म्हणूनच त्यांच्याकडे सांगण्यासारखे किस्से नसतात.

कधी विकायचं, याबाबत मोठ्यांचा आदर्श ठेवा. १९९९ मध्ये गॉर्डन ब्राऊन ब्रिटनचे अर्थमंत्री असताना सरकारने सोनं विकणार असल्याचं आधी जगाला सांगितलं. मग २००२ पर्यंत सुमारे ३९५ टन विकलं, औंसाला सरासरी २७५ डॉलरच्या आसपास. २०११ मध्ये भाव १९०० च्या घरात होता. विकायची घाई नसलेल्यांसाठीही आदर्श आहे: जानेवारी १९८० मध्ये ८५० डॉलरला ‘अजून चढेल’ म्हणून थांबलेल्यांना तो आकडा पुन्हा दिसला २००८ मध्ये. मधल्या २८ वर्षांची महागाई वेगळीच.

भावंडांत वाटणी करताना नाणी फक्त मोजा. मोठी नाणी मोठ्याला, छोटी धाकट्याला. वजन, वर्ष, टांकसाळ असले विषय काढून घरातलं वातावरण बिघडवू नका. ते दहा वर्षांनी कुणाची तरी सून काढेलच.

सौदा झाला की पावती घ्या, पण तिच्यावर ‘पिवळ्या धातूचे नग’ एवढंच असू द्या. महिन्याभराने त्याच दुकानावरून गेलात तर काचेमागे मखमलीवर एखादं नाणं दिसेल. खाली छोटी पाटी: वर्ष, टांकसाळ, वजन, कस, किंमत. अक्षर बारीक आहे. दुकानदाराकडे मागा, तो भिंग देईल.